चष्मेवाल्याचा पत्ता: कस्तुरबा गांधी मार्ग

सकाळचे पावणेसात. दिल्लीत मार्च संपत आलेला. नव्या महाराष्ट्र सदनाच्या फाटकाबाहेर, कस्तुरबा गांधी मार्गाच्या फुटपाथवर मी चहाचा कागदी पेला हातात धरून उभी होते. बसगाड्यांची गर्दी अजून सुरू व्हायची होती. डोक्यावरच्या कडुनिंबाला तांबूस पालवी फुटलेली, आणि त्या पालवीतून आवाज येत होता: बारीक, किंचित नाकातला, ‘त्सीर... त्सीर’. एक थांबला की दुसरा, दुसरा थांबला की पलीकडून तिसरा. पानं हलत होती, पण वारा नव्हता.

मग एक पिवळट हिरवा गोळा फांदीच्या टोकाला उलटा लटकला, पानाच्या पोटाला चोच मारली आणि माझ्याकडे वळला. डोळ्यांभोवती पांढरंशुभ्र गोल कडं. चष्मेवाला!

महाबळेश्वरच्या जांभूळ-अंजनीच्या रानात ज्याला मान मोडेस्तोवर शोधलं होतं, तो पक्षी देशाच्या राजधानीत, बाराखंबा रोडच्या शेजारच्या रस्त्यावर, माझ्या डोक्यावर चार हातांवर न्याहारी करत होता. तेव्हाच ठरवलं, या चिमुकल्याबद्दल जे जे ठाऊक आहे ते एकदा भडाभडा सांगून टाकायचं. गोष्टी इतक्या आहेत की कुठून सुरुवात करू असं होतं.

दहा रुपयांचं नाणं

वजनापासून करू. दहा रुपयांचं नाणं तळहातावर ठेवा. ते भरतं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. चष्मेवालाही जवळपास तेवढाच, फार तर ग्रॅम-दोन ग्रॅम इकडेतिकडे. लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान. पाठ हिरवट पिवळी, गळा आणि शेपटीखालचा भाग पिवळाधमक, पोट राखाडी पांढरं. नर आणि मादी दिसायला अगदी सारखे. नर कोण, मादी कोण हे त्यांचं त्यांनाच कळतं.

आणि चष्मा? अनेकांना वाटतं ती डोळ्याभोवतीची उघडी कातडी असावी. तसं नाही. अतिशय बारीक, रेशमासारख्या पांढऱ्या पिसांची ती वर्तुळाकार रांग आहे. चोचीच्या बाजूला मात्र हे कडं थोडं तुटतं, तिथे काळसर ठिपका असतो. दुर्बिणीतून पाहिलं की चेहऱ्यावर कायम ‘काय म्हणालात?’ असा भाव दिसतो, आणि एकदा तो दिसला की पक्षी आयुष्यभर विसरत नाही.

नावाचे घोळ

मराठीत चष्मेवाला. हिंदीत बाबूना. जपानीत याच्या भावंडाला म्हणतात मेजिरो, म्हणजे ‘पांढरा डोळा’. शास्त्रज्ञांनी वंशाला नाव दिलं झोस्टेरॉप्स. ग्रीकमध्ये ‘झोस्टर’ म्हणजे कमरपट्टा आणि ‘ऑप्स’ म्हणजे डोळा. डोळ्याला बांधलेला कमरपट्टा! मला आपलं नाव जास्त आवडतं. पट्ट्यापेक्षा चष्माच बरा.

आपल्या भारतीय चष्मेवाल्याचं शास्त्रीय वर्णन डच पक्षितज्ज्ञ टेमिंक यांनी १८२४ साली केलं. त्याआधी १७६६ मध्ये याच कुळातल्या मादागास्करच्या पक्ष्याला लिनियसनं नाव दिलं ते ‘मादेरास्पाताना’, म्हणजे मद्रासचा! पक्षी आफ्रिकेजवळच्या बेटावरचा आणि नावात मद्रास. ही चूक अडीचशे वर्षं झाली तरी तशीच आहे, कारण शास्त्रीय नामकरणात आधी दिलेलं नाव सहसा बदलता येत नाही. मद्रासचं चेन्नई झालं, पण त्या बिचाऱ्या पक्ष्याच्या नावातलं मद्रास काही सुटलं नाही.

रस्त्याचीही ओळख करून घ्या

नाव बदलण्याची मुभा रस्त्यांना असते. कनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या षट्कोनापर्यंत जाणारा हा रस्ता पूर्वी कर्झन रोड होता, बंगालची फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉयच्या नावाचा. आता तो कस्तुरबांच्या नावाचा आहे. कस्तुरबा गेल्या त्या पुण्यात, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, आगाखान पॅलेसच्या कैदेत. त्यांची समाधी तिथेच आहे, आणि पुण्याच्या बागांमध्ये कान देऊन उभं राहिलात तर हाच ‘त्सीर... त्सीर’ तिथेही ऐकू येईल.

रस्त्याच्या इंडिया गेटकडच्या टोकाला बडोदा हाउस आहे. गायकवाडांचा दिल्लीतला वाडा, वास्तुकार लट्यन्सनं आखलेला, आज उत्तर रेल्वेचं मुख्यालय. नवं महाराष्ट्र सदन २०१३ मध्ये याच रस्त्यावर उभं राहिलं. म्हणजे मराठी माणसानं या रस्त्यावर दोनदा बिऱ्हाड थाटलं, एकदा संस्थानिक म्हणून आणि एकदा राज्य म्हणून. मधल्या भागात चार्ल्स कोरियांनी आखलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत लागते, १९९२ सालची. तिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन या चित्रकाराच्या रेखाटनावरून एक भलंथोरलं झाड पसरलं आहे, पांढऱ्या संगमरवरात आणि काळ्या कडप्प्यात. आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याला असतो तोच कडप्पा! एवढं सुंदर दगडी झाड, पण चष्मेवाला मात्र समोरच्या खऱ्या झाडावर. त्याला पानाखालच्या अळ्या हव्या असतात.

आणि खऱ्या झाडांची इथे वाण नाही. नवी दिल्ली आखताना रस्त्यांच्या कडेनं कडुनिंब, जांभूळ, अर्जुन, चिंच ओळीनं लावली गेली. जांभूळ म्हटलं की मला महाबळेश्वर आठवतं, आणि बहुधा चष्मेवाल्यालाही तसंच काही होत असावं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरहून उंच, दिल्ली सव्वादोनशे मीटरच्या आत. एकीकडे कमरेएवढं पावसाळी धुकं, दुसरीकडे मे महिन्याची लू. पक्षी तोच.

एकमेकांना ढकलत बसणं

वीण संपली की चष्मेवाले थव्यानं हिंडतात. पाच-सात असतात, कधी वीस-पंचवीस. थवा हलतो तो बोलत बोलत. प्रत्येक जण सारखा बारीक आवाज देत राहतो, कारण हिरव्या पानांत हिरवा पक्षी नजरेला दिसत नाही. कानाला मात्र सापडतो. आवाज थांबला, तर सोबत सुटली. म्हणून ते थांबतच नाहीत. जत्रेत आई पोराला हाक मारत राहते ना, तसं.

रात्रीच्या मुक्कामाला ते एका फांदीवर अंगाला अंग लावून बसतात आणि एकमेकांची पिसं चोचीनं विंचरून देतात. जपान्यांनी हे दृश्य इतकं पाहिलं की त्यावरून शब्दच तयार केला: ‘मेजिरो-ओशी’. अर्थ, चष्मेवाल्यांसारखं एकमेकांना ढकलत दाटीवाटीनं बसणं. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळवलेल्या प्रत्येकानं मेजिरो-ओशी केलेली आहे.

चार दिवसांत घर

आता माझा सर्वांत आवडता भाग. चष्मेवाल्याचं घरटं म्हणजे छोटी वाटी, पण ती फांदीवर ठेवलेली नसते. दोन डहाळ्यांच्या बेचक्यात झोळीसारखी टांगलेली असते. घरात पाळणा बांधतो तशी. साहित्य काय? झाडाचे तंतू, दगडफूल आणि कोळ्याचं जाळं. कोळ्याचा धागा चिकट, हलका आणि ताणला तरी न तुटणारा. तोच डहाळीभोवती गुंडाळून पाळण्याची दोरी होते. शिंपी पक्ष्याचं शिवणकाम सगळ्यांना माहीत असतं, चष्मेवाल्याच्या पाळण्याचं कौतुक फारसं कुणी करत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

बांधकाम साधारण चार दिवसांत आटोपतं. फेब्रुवारी ते सप्टेंबर हा विणीचा काळ, भर एप्रिलमध्ये. फिकट निळी अंडी, बहुतेक वेळा दोन. दहा-एक दिवसांत पिल्लं बाहेर आणि पुढच्या दहा-एक दिवसांत उडूनही जातात. म्हणजे घर बांधण्यापासून घर रिकामं होईपर्यंत सगळा संसार महिनाभराचा. आई आणि बाप दोघंही पिल्लांना ऊब देतात.

एक खोडही आहे. दुसऱ्याच्या घरट्यातलं सामान पळवताना चष्मेवाले पाहिले गेलेत. पण लगेच मत बनवू नका, कारण याच पक्ष्याची दुसरीही नोंद आहे. स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यातल्या पिल्लांना चष्मेवाले भरवत असल्याचं निरीक्षकांनी लिहून ठेवलंय. नर्तक कुठे, चष्मेवाला कुठे! अंगानं, रंगानं, कुळानं काही म्हणता काही जुळत नाही. पण उघडी चोच समोर दिसली आणि चोचीत अळी होती, एवढं पुरेसं झालं.

शत्रूंची यादी मोठी असणार, पण नोंद झालेल्यांपैकी दोन आपल्या अंगणातलेच आहेत: खंड्या पक्षी आणि रात्रीचं वटवाघूळ.

कपाळावर गुलाल

नवशिक्या पक्षिनिरीक्षकांची या पक्ष्यानं अनेकदा फसगत केली आहे. डोकं केशरी असलेला चष्मेवाला दिसतो, वही बाहेर निघते, नवी जात सापडल्याच्या आनंदानं हात कापू लागतात. प्रत्यक्षात ते असतात परागकण. फुलात तोंड खुपसून बारीक किडे टिपताना कपाळ परागांनी माखतं. पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्याच्या कपाळावर बुक्का दिसतो, तसे याच्या कपाळावर कुठल्या झाडावरून आला ते दिसतं. पुढच्या फुलावर ते पराग पुसले जातात आणि झाडाचं काम होतं.

या कुळाच्या जिभेचं टोक कुंचल्यासारखं फाटलेलं असतं. मध पुसून घ्यायला सोयीचं. पण खाण्यात मोठा वाटा किड्यांचा, त्याखालोखाल फळांचा. घाटात घाणेरीच्या झुडपांवर पिकलेली काळी फळं खाताना थवे हमखास सापडतात. घाणेरी आपल्या रानाला तापदायक, आणि तिच्या बिया पसरवण्यात या गोंडस जिवाचाही हात आहे, हे सांगितलं पाहिजे.

परागांवरून हवाईची गोष्ट सांगते. १९२९ मध्ये जपानी चष्मेवाला तिथल्या ओआहू बेटावर आणून सोडला गेला. आज तो त्या बेटांवरच्या सर्वांत जास्त दिसणाऱ्या पक्ष्यांपैकी आहे, आणि स्थानिक पक्ष्यांच्या खाण्यात वाटेकरी झाला म्हणून तिथल्या अभ्यासकांना त्याची चिंताही आहे. पण केवड्याच्या कुळातली एक वेल तिथे आहे, इए-इए नावाची. तिचे परागवाहक असलेले मूळचे पक्षी जंगलांतून नाहीसे झाले. आता तिच्या फुलांचे पराग कोण नेतं? बाहेरून आलेला हाच चष्मेवाला.

‘अनोळखी’ आणि लोकरी मावा

आता आपण खऱ्या मुद्द्याला येतो. हा पक्षी जग फिरतो, आणि जिथे थांबतो तिथे नवाच होतो.

१८५६ साली न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर चष्मेवाल्यांचे मोठे थवे उतरले. आले होते ऑस्ट्रेलियाकडून, मधला सुमारे दोन हजार किलोमीटरचा समुद्र ओलांडून. दहा ग्रॅमचा जीव! बहुधा वादळी वाऱ्यानं ढकलत आणले असावेत. तिथल्या माओरी लोकांनी नाव ठेवलं ‘ताउहोऊ’, म्हणजे अनोळखी, नवखा पाहुणा. गोऱ्या शेतकऱ्यांनी ठेवलं ‘ब्लाइट बर्ड’, कारण सफरचंदाच्या झाडांवरचा लोकरी मावा हे पक्षी फस्त करू लागले. २००२ च्या सुमारास सांगली-कोल्हापूरकडच्या उसावर जो लोकरी मावा पडला, तो किडा वेगळा, पण त्या पांढऱ्या बुरशीसारख्या थराची आठवण ज्यांना आहे, त्यांना अशा पाहुण्याची किंमत कळेल.

अशाच प्रवासांतून झोस्टेरॉप्स या एका वंशाच्या सुमारे शंभर जाती झाल्या. आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानं दाखवलं की हा सगळा पसारा गेल्या वीस लाख वर्षांतला आहे. भूगर्भाच्या हिशेबात वीस लाख वर्षं म्हणजे काल संध्याकाळ. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये इतक्या झपाट्यानं नव्या जाती घडवणारे वंश फार थोडे. १९७६ मध्ये जॅरेड डायमंड, गिल्पिन आणि अर्न्स्ट मायर या शास्त्रज्ञांनी अशा पक्ष्यांसाठी इंग्रजीत जो शब्द वापरला त्याचं मराठी मी ‘महाजातीकार’ असं करते.

यात एक कोडं आहे. जो पक्षी समुद्र ओलांडतो, त्याची बेटाबेटांत ये-जा राहायला हवी, रक्त मिसळत राहायला हवं, आणि सगळे सारखेच राहायला हवेत. होतं उलटं. सॉलोमन बेटांमध्ये काही किलोमीटरच्या खाडीच्या अल्याड एक जात, पल्याड दुसरी! समोरचं बेट डोळ्यांना दिसतं, पंख शाबूत आहेत, तरी पक्षी जात नाही. डायमंडनं याला उडण्याची भीती म्हटलं. एकदा बेट आवडलं की प्रवासाची ओढच मावळते, आणि मग काही हजार पिढ्यांत त्या बेटाचा म्हणून वेगळा पक्षी तयार होतो. थोडा मोठा, थोडा राखाडी, कधी चष्मा रुंद, कधी चष्माच गायब.

डोंगर हेही बेटच

बेट व्हायला पाणीच लागतं असं नाही. पूर्व आफ्रिकेत कोरड्या गवताळ माळावर मधूनच उंच डोंगर उठतात आणि त्यांच्या माथ्यावर दमट, थंड जंगल असतं. खालचा माळ म्हणजे समुद्र आणि वरचं जंगल म्हणजे बेट. टाइटा टेकड्यांवर वेगळा चष्मेवाला, कुलाल पर्वतावर वेगळा, किलिमांजारोच्या परिसरात रुंद कड्याचा वेगळा. पूर्वी वाटायचं, हे डोंगरी पक्षी आपापसांत जवळचे नातलग असणार, एकाच जुन्या डोंगरी पूर्वजाचे वंशज. २०१४ च्या एका अभ्यासानं हा समज मोडला. डोंगरावरच्या पक्ष्यांचे जवळचे सोयरे अनेकदा दुसऱ्या डोंगरावर नसून खालच्या माळावर निघाले. सारखं हवामान म्हणून सारखे दिसू लागले, एवढंच.

श्रीलंकेचं उदाहरण तर आपल्या दारातलं. तिथे सखल भागात आपलाच भारतीय चष्मेवाला आहे, आणि नुवारा एलिया, हॉर्टन प्लेन्सच्या थंड डोंगरी जंगलात श्रीलंकेचा स्वतःचा, जगात इतरत्र कुठेही नसलेला. एकाच छोट्या बेटावरचे दोघं, म्हणजे सख्खे भाऊ असणार असंच कुणालाही वाटेल. २०१७ साली श्रीलंका आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून जनुकं तपासली, तर ते सख्खे नाहीतच. दोघांचे पूर्वज वेगवेगळ्या वेळी बेटावर आले. डोंगरातला पक्षी या साऱ्या वंशाच्या अगदी जुन्या फांदीवरचा, खालचा पुष्कळ नंतरचा.

सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडेही डोंगरांची अशी बेटं आहेत. निलगिरी आणि अन्नामलाईच्या मध्ये पालघाटची सुमारे तीस किलोमीटरची खिंड आहे आणि शोला नावाच्या थंड डोंगरी जंगलातले काही पक्षी ती ओलांडतच नाहीत, म्हणून खिंडीच्या दोन बाजूंना वेगळ्या जाती झाल्या. चष्मेवाल्याची निलगिरीत एक उपजात आहे, पण जात तीच. आपल्या देशात त्याला वेगळं होण्याची घाई दिसत नाही. शोला, महाबळेश्वर, शेताचा बांध, दिल्लीचा रस्ता, सगळीकडे त्याची ये-जा चालू आहे. मला हे फार लोभस वाटतं. जगभर इतक्या झपाट्यानं परका होणारा पक्षी आपल्याकडे मात्र आपला राहिला आहे.

दक्षिण-पूर्व भारतातल्या एका उपजातीचं नाव मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावं: ‘सालिमअलिआय’. १९३३ साली ह्यू व्हिस्लर यांनी ते दिलं. व्हिस्लर पंजाबात पोलीस अधिकारी होते आणि पक्ष्यांचे जाणकार. पक्षितज्ज्ञ सालिम अली तेव्हा चाळिशीकडे झुकलेले, मुंबईचे, नोकरीची शाश्वती नसलेले. पुढे याच जोडीनं मध्य भारताच्या पक्ष्यांवर लिहिलं, आणि त्या पाहणीतली संस्थानं कुठली? ग्वाल्हेर, इंदूर, धार. शिंदे, होळकर, पवार! मराठी दौलतींच्या झाडांवर सालिम अलींनी वह्या भरल्या.

लाल दिवा लागला की वाट चुकते

टास्मानियातले चष्मेवाले हिवाळ्यात उत्तरेला क्वीन्सलंडपर्यंत जातात, दीड हजार किलोमीटर आणि त्याहून अधिक. दिशा कशी कळते? पृथ्वीच्या चुंबकत्वावरून. हे तपासायला विल्चको या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांना वेगवेगळ्या रंगाच्या उजेडात ठेवलं. १९९३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की निळ्या आणि हिरव्या उजेडात पक्षी बरोबर आपल्या दिशेला तोंड करतात, लाल उजेडात मात्र गोंधळून कुठेही वळतात. म्हणजे त्यांच्या होकायंत्राला उजेड लागतो, आणि तोही ठरावीक रंगाचा. बाराखंबाच्या चौकातला लाल सिग्नल पाहिला की मला हा प्रयोग आठवतो.

जे राहिले नाहीत

लाघवी पक्ष्यांची गोष्ट सांगताना हे टाळता येत नाही. १९१८ साली ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावर ‘माकांबो’ नावाचं जहाज खडकाला लागलं. जहाजातले काळे उंदीर पोहत बेटावर गेले. थोड्याच वर्षांत तिथला दणकट चष्मेवाला कायमचा संपला. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतल्या मालाबरोबर एक तपकिरी झाडसाप आला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला चष्मेवालाही गेला. ज्या पक्ष्यांना उंदीर-साप ठाऊकच नव्हते, त्यांना घरटं लपवणं कुठून सुचणार? आणि केनियातल्या टाइटा टेकड्यांवरचा पक्षी आज अगदी थोड्या उरल्यासुरल्या जंगलाच्या तुकड्यांवर तग धरून आहे. जंगलाचं शेत झालं की डोंगराचं बेट बुडतं.

आवाज गोड असणं हीही आपत्ती ठरते. इंडोनेशियात चष्मेवाल्याला ‘प्लेची’ म्हणतात आणि त्यांच्या गाण्याच्या स्पर्धा लागतात. त्यासाठी रानातून पकडलेले पक्षी पिंजऱ्यांत जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. कुणाच्या गॅलरीत पिंजरा दिसला तर सांगा त्यांना.

गाणं ऐकायचं असेल तर पिंजऱ्याची गरजच नाही. एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली उभं राहा. नर आधी इतकं हळू सुरू करतो की आपल्याला भास होतोय असं वाटतं. मग सूर किणकिणत चढतो, ठळक होतो, आणि आला तसाच विरत जातो. दूरच्या वळणावरून पैंजण घातलेलं कुणी आलं आणि पुढच्या वळणाला दिसेनासं झालं, असं.

दिल्लीतले शोधणारे

दिल्लीला पक्षी पाहण्याची जुनी सवय आहे. गांधीजींचे क्वेकर मित्र होरेस अलेक्झांडर यांनी १९५० मध्ये इथे पक्षिनिरीक्षकांचं मंडळ काढलं. उषा गांगुलींनी दिल्ली परिसरातल्या पक्ष्यांची मार्गदर्शिका लिहिली, ती १९७५ मध्ये आली. आणि पक्षी-अरण्यांवर मराठीत लिहिणाऱ्या आपल्या मारुती चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत इथे दिल्लीतच, तालकटोरा स्टेडियमवर मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि जूनमध्ये चितमपल्ली गेले. त्यांचा ‘पक्षिकोश’ उघडला की एकेका पक्ष्याची किती नावं आपल्या भाषेनं जपलीत ते दिसतं.

या रस्त्यावर शोधायचं तर डोळे नंतर वापरा, कान आधी. सकाळी आठच्या आत या. बारीक, पातळ ‘त्सीर’ ऐकू आला की जागीच थांबा आणि पानांच्या टोकांकडे बघा. शिंपी खालच्या झुडपात असतो आणि त्याचा आवाज टणक. शिंजीर काळानिळा, चोच वाकडी. चष्मेवाला वरच्या पानांत, अर्धा वेळ उलटा. जमिनीवर तो क्वचितच उतरतो, म्हणून फुटपाथकडे बघत चालणाऱ्याला तो जन्मभर भेटत नाही.

त्या सकाळी मी अशी मान वर करून उभी असताना सदनाच्या फाटकातून एक मुलगा बाहेर आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल. शाहजहान रोडवर लोकसेवा आयोगात मुलाखत होती त्याची. चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याच्या खुणा.

“काकू, काय बघताय?”

मी बोट दाखवलं. त्याला आधी काहीच दिसेना. मग एक पक्षी फांदीच्या टोकाला आला, उलटा लटकला, आणि मुलाचा चेहरा एकदम उजळला.

“हे होय! हे तर आमच्याकडं बांधावरच्या लिंबावर असतेत.”

“गाव कुठलं?”

“पाटोदा. बीड जिल्हा.”

कडुनिंबाला त्यांच्याकडे लिंबच म्हणतात. थवा बोलत बोलत पुढच्या झाडावर गेला, तिथून बडोदा हाउसच्या दिशेनं. मुलाची रिक्षा आली होती. तो बसला, दार नसलेल्या बाजूनं डोकं बाहेर काढलं आणि झाडाकडे बघतच राहिला. रिक्षा वळेपर्यंत त्यानं फाइल उघडली नव्हती.